पिंगळा, जंगली पिंगळा की रानपिंगळा? सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांची पिसांवरून ओळख

मृण्मयी_पुणे | २ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मेळघाटात जाऊन आले. चार दिवसांत पक्षी भरपूर दिसले, पण मनात घर करून राहिला तो एकच. दुपारचे साडेतीन वाजले असतील. अर्धी पानं गळलेल्या सागाच्या उघड्या फांदीवर, भर उन्हात, एक पिंगळा बसला होता. आमच्याकडे मान वळवून त्याने एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली गवतात नजर लावली.

सागाचं जंगल, दिवसाउजेडी उघड्यावर बसलेला पिंगळा, त्यातून मेळघाट. हा दुर्मिळ रानपिंगळाच, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. वहीत तसं लिहिलंही. घरी आल्यावर फोटो मोठ्या पडद्यावर पाहिले आणि खात्री डळमळली. मोबाईलमधल्या अॅपला विचारलं तर एका फोटोला ते एक नाव देतं, दुसऱ्या फोटोला दुसरं.

फोटो इथे चढत नाहीयेत, म्हणून जे दिसतंय ते लिहिते. डोक्यावर बारीक पांढरे ठिपके. भुवया पांढऱ्या, चांगल्या ठसठशीत. पाठीवर आणि पंखांवरही पांढरे ठिपके. छातीवर तपकिरी खुणा, आणि त्या तशाच खाली पोटापर्यंत उतरलेल्या. डोळे पिवळे.

जाणकारांनी सांगावं, हा कोण? आणि तुम्हाला गोंधळात टाकणाऱ्या इतर जोड्यांबद्दलही लिहा. पिसं नेमकी कशी बघायची हे मला मुळापासून शिकायचं आहे.

---

डोंगरवारा | २ जानेवारी, रात्री १०:०५

वाचनखूण साठवली. फार दिवसांनी पक्ष्यांवर धागा आला.

---

खानदेशी_वाट | ३ जानेवारी, सकाळी ६:५०

मृण्मयीताई, तुम्ही वर्णन इतकं नीट केलं आहे की फोटोची गरजच नाही. डोक्यावर ठिपके म्हटलंत, तिथेच निकाल लागला. हा साधा पिंगळा, ठिपकेवाला. गावातल्या वडाच्या ढोलीत, पडक्या वाड्याच्या भिंतीत राहतो तोच. तो जंगलातही असतो आणि थंडीच्या दिवसांत दुपारी ऊन खातही बसतो. म्हणून जागा आणि वेळ यांवरून नाव ठरवू नये.

मी शहाद्याकडचा. रानपिंगळा हा आमच्याकडे जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे तीन पिंगळे एकमेकांत मिसळतात, आणि मेळघाटात तिन्ही आहेत. घोळ नावापासूनच सुरू होतो. एक ‘जंगली पिंगळा’, दुसरा ‘रानपिंगळा’. रान आणि जंगल यांत फरक तो काय? काही जण रानपिंगळ्याला वनपिंगळा म्हणतात, म्हणजे आणखी भर. म्हणून नाव बाजूला ठेवा आणि आधी डोकं बघा.

साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर तांदळाची कणी सांडावी तसे पांढरे ठिपके असतात. जंगली पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके नसतात, बारीक आडवे पट्टे असतात, आणि ते पाठीवर, छातीवर, पोटाच्या बाजूंवर सगळीकडे असतात. कुठूनही पाहा, तो पट्ट्यापट्ट्यांचाच दिसतो. पांढरी भुवई त्याला जवळजवळ नसते. रानपिंगळ्याचं डोकं मात्र साधं, करड्या-तपकिरी रंगाचं. अगदी जवळून पाहिलं तर पुसट ठिपके असतील-नसतील. पाठही तशीच सपाट रंगाची.

मग छाती बघा. खरी खूण मी हीच मानतो. साध्या पिंगळ्याच्या छातीवरची नक्षी तुटक असते आणि ती पोटापर्यंत खाली उतरते, जशी तुमच्या फोटोत आहे. रानपिंगळ्याची छाती जवळपास सलग तपकिरी, बंडी घातल्यासारखी. त्या बंडीखाली बाजूंना पट्टे असतात, पण पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. तपकिरी संपून पांढरं सुरू होतं ती जागा लांबूनही कळते.

तिसरी जागा शेपटी. रानपिंगळ्याच्या शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात आणि टोकही पांढरं. साध्या पिंगळ्याचे पट्टे अरुंद. शिवाय रानपिंगळ्याचे पाय दाट पांढऱ्या पिसांनी भरलेले, पार बोटांपर्यंत. चोच आणि नख्याही त्या मानाने थोराड.

आकारावर मात्र जाऊ नका. दोघांत दोन-एक सेंटिमीटरचा फरक. फांदीवर फुगून बसलेल्या पक्ष्याचा तो कुणालाही कळणार नाही.

---

मृण्मयी_पुणे | ३ जानेवारी, सकाळी ८:१५

काका, मनापासून आभार. वहीतली नोंद दुरुस्त केली. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ‘नक्षी कुठे थांबते ते बघा’ हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. मी रंगच शोधत बसायचे, आणि तपकिरी तर तिन्ही आहेत.

रानपिंगळा तुमच्या जिव्हाळ्याचा का, तेही लिहा ना.

---

खानदेशी_वाट | ३ जानेवारी, दुपारी १:२०

लिहितो. जेवणं उरकूनच बसलो आहे.

या पक्ष्याचा पहिला नमुना १८७२ मध्ये छत्तीसगडच्या बाजूला ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला मिळाला. १८७३ मध्ये अॅलन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेच ह्यूम ज्यांचं नाव काँग्रेसच्या स्थापनेत येतं. पुढे आमच्या खानदेशात डेव्हिडसन या अधिकाऱ्याने काही नमुने जमवले, शेवटचा १८८४ मध्ये. त्यानंतर हा पक्षी गायबच झाला. लोकांनी शोधला, मिळाला नाही. अनेकांनी तो नामशेष झाला असं धरूनही टाकलं.

मधे एक फसवणूक झाली. रिचर्ड माइनर्ट्झहेगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने गुजरातमधल्या मांडवीजवळ १९१४ मध्ये एक रानपिंगळा मिळाल्याचा दावा केला होता. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तपासणी केली तेव्हा कळलं, तो नमुना डेव्हिडसन यांच्याच जुन्या नमुन्यांपैकी एक होता. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला. त्या खोट्या चिठ्ठीमुळे शोध भलत्याच ठिकाणी होत राहिला.

मग २५ नोव्हेंबर १९९७ ला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळच्या डोंगरात रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी! नंदुरबार जिल्हा तेव्हा झालेलाही नव्हता, आम्ही धुळे जिल्ह्यातच होतो. रासमुसेनबाईंनी संग्रहालयातल्या नमुन्यांची जुनी कातडी हातात घेऊन पिसं अभ्यासली होती. समोर बसलेल्या पक्ष्याच्या डोक्यावर ठिपके नाहीत, छाती सलग आहे, पोटाचा मध्य पांढरा आहे, हे कुठे बघायचं ते त्यांना ठाऊक होतं. हाच पक्षी त्याआधी आमच्यातल्या कितीतरी जणांच्या डोळ्यांसमोरून गेला असेल, आणि आम्ही ‘पिंगळा’ म्हणून पुढे चाललो असू. ही गोष्ट मला अजून सलते. म्हणून नवीन माणसाने विचारलं की मी इतकं लांबण लावतो.

---

तानसाकाठी | ३ जानेवारी, सायंकाळी ७:३०

काका, लांबण कसली, अजून लिहा.

आमच्या ठाणे-पालघरकडे २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात रानपिंगळ्याची नोंद झाली तेव्हा आमच्या गटात कुणाला खरंच वाटेना. मुंबईपासून इतक्या जवळ! सातपुड्यातला पक्षी सह्याद्रीच्या उतारावर कसा, म्हणून वाद झाले. फोटो पाहिले आणि वाद मिटले. छाती, पोट, शेपटी, तिन्ही जागा जुळत होत्या.

एक विनंती या निमित्ताने. पिसांवरून ओळखायला पक्षी शांत बसलेला लागतो, म्हणून काही जण मोबाईलवर आवाज वाजवून त्याला जवळ बोलावतात. गेल्या हिवाळ्यात एका ठिकाणी मी हे डोळ्यांनी पाहिलं. चार कॅमेरे रोखलेले, स्पीकर चालू, आणि ती बिचारी जोडी या झाडावरून त्या झाडावर सैरभैर. रानपिंगळा धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. घरट्याची जागा धाग्यात लिहू नका, आणि आवाज वाजवू नका. पक्षी लांब असेल तर दुर्बिणीतून जेवढं दिसेल तेवढंच नोंदवा.

---

अपर्णा_ज | ३ जानेवारी, रात्री ९:१०

तानसाकाठींना शंभर टक्के अनुमोदन.

माझी गोंधळाची जोडी: शिक्रा आणि पावशा. वेताळ टेकडीवर दर उन्हाळ्यात यावरून आमच्यात चर्चा होते. करड्या पाठीचा, पट्टेरी शेपटीचा पक्षी दोन-चारदा पंख मारून तरंगत जातो, बुलबुल आणि सातभाई आरडाओरडा करतात, सगळे म्हणतात शिक्रा. तो झाडात शिरतो आणि पाच मिनिटांनी आतून ‘पेरते व्हा, पेरते व्हा’!

पावशाने हे रूप उगाच घेतलेलं नाही. तो कोकिळेच्या कुळातला, घरटं बांधत नाही, अंडी सातभाईच्या घरट्यात घालतो. शिकारी पक्षी आला असं वाटून घरट्यावरचे पक्षी बिथरले की त्याचं काम सोपं होतं. त्यामुळे आपण फसतो यात नवल नाही. ज्यांचा जन्म झाडावर जातो ते सातभाईसुद्धा फसतात.

मी आधी चेहरा बघते. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी वळलेली, गळ्यावर मधोमध एक बारीक गडद उभी रेघ. नराचा डोळा लाल. पावशाची चोच बरीच सरळ, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं, काजळ घालावं तसं रेखीव. शिक्र्याच्या छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा एकसारख्या भरलेल्या असतात. पावशाच्या छातीवर तांबूस रंग पसरल्यासारखा, आणि पट्टे खाली पोटाकडे जास्त. बसतानाही फरक आहे. पावशा फांदीवर टेकला की शेपटी डावी-उजवीकडे हलवतो.

पिल्लांच्या बाबतीत मात्र मी अजून चुकते. दोघांच्याही पिल्लांच्या छातीवर थेंबाथेंबांच्या तपकिरी खुणा असतात. पालकांचं साम्य पिल्लांमध्येही उतरलं आहे! तिथे मी फक्त चोच आणि पाय बघते. शिक्र्याचे पाय शिकाऱ्याचे, तीन बोटं पुढे. पावशाची दोन पुढे, दोन मागे.

---

माळरान_सोलापूर | ४ जानेवारी, सकाळी ७:००

अपर्णाताई, पिल्लांचा मुद्दा फार महत्त्वाचा. पुस्तकात नर-मादीचं चित्र बघून आपण जातो आणि माळावर निम्मे पक्षी पहिल्या वर्षाचे भेटतात.

आमच्याकडे नान्नजच्या माळावर हिवाळ्यात भोवत्ये, म्हणजे माळावर तरंगत फिरणारे शिकारी पक्षी, येतात. नर असेल तर सोपं. माँटेग्यूच्या भोवत्याच्या करड्या पंखावर वरून एक काळी आडवी रेघ ओढलेली असते आणि पोटावर तांबूस उभ्या रेषा. पांढुरका भोवत्या नावाप्रमाणे फिकट, पोट जवळपास पांढरं, पंखाच्या टोकाला काळी निमुळती पाचर. इतकं लक्षात ठेवलं की नर चुकत नाही.

माद्या दोन्हीच्या तपकिरी, दोन्हीच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. इथे माझी दहा वर्षं गेली. आता मी मान बघतो. पांढुरक्या भोवत्याच्या मादीला गालाच्या गडद डागामागे फिकट रंगाची कॉलर असते आणि तिच्यामागे पुन्हा गडद मान. माँटेग्यूच्या मादीला ही कॉलर नीट दिसत नाही. अर्थात पक्षी हवेत, ऊन डोळ्यात, वारा सुटलेला. दहातल्या चार माद्यांपुढे मी वहीत नुसतं ‘भोवत्या, मादी’ लिहितो आणि त्यात मला काही कमी वाटत नाही.

---

मृण्मयी_पुणे | ४ जानेवारी, सकाळी ११:४५

दादा, हे शेवटचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते आहे. मला प्रत्येक पक्ष्याला नाव दिल्याशिवाय चैन पडत नाही, आणि चुका तिथेच होतात.

एक शंका. एकाच पक्ष्याची पिसं वर्षभरात बदलतात, मग खुणा कशा पक्क्या धरायच्या?

---

रत्नांग्रीकर | ४ जानेवारी, दुपारी ३:००

बदलतात, पण कशी बदलतात तेही ठरलेलं असतं. गायबगळा घ्या. हिवाळ्यात पूर्ण पांढरा, पावसाळा जवळ आला की डोकं, मान आणि पाठ नारिंगी-पिवळी. नारिंगी असेल तर प्रश्नच नाही. पांढरा असताना त्याची आखूड पिवळी चोच बघायची. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे. चिखलातून पाय वर काढेपर्यंत धीर धरावा लागतो, इतकंच. मोठा आणि मध्यम बगळा वेगळे करताना जिवणीची रेघ बघा. मोठ्या बगळ्याची डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच संपते.

पिसं झिजतात हेही ध्यानात ठेवा. अंगणातल्या चिमण्याचंच बघा, म्हणजे नराचं. नवी पिसं आली की त्याच्या गळ्यावरचा काळा डाग लहान दिसतो, कारण काळ्या पिसांची टोकं फिकट असतात. विणीचा हंगाम येईपर्यंत ती टोकं झिजतात आणि खालचा काळा रंग उघडा पडतो. पीस तेच, रंग नवा आलेला नसतो.

---

विदर्भवासी | ४ जानेवारी, रात्री ८:२५

कोतवालाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जंगलात पोटावर पांढरे खवले असलेला कोतवाल दिसला की लोक ‘पांढऱ्या पोटाचा कोतवाल’ म्हणून नोंद करतात. बहुतेक वेळा ते साध्या काळ्या कोतवालाचं पिल्लू निघतं. पिल्लाच्या पोटावरचं पांढरं तुटक असतं, काळ्यात मिसळलेलं. खऱ्या पांढऱ्या पोटाच्या कोतवालाचं पोट स्वच्छ पांढरं, वरच्या गडद रंगापासून वेगळं पडलेलं. म्हणजे पुन्हा काकांचंच सूत्र, नक्षी कुठे थांबते.

राखी कोतवाल हिवाळ्यात येतो. त्याचा डोळा लालभडक, अंग राखाडी. सावलीत तो काळाच दिसतो, तेव्हा डोळा बघा. काळ्या कोतवालाच्या जिवणीच्या कोपऱ्यात पांढरा टिपका असतो, तो मिळाला की काम झालं.

चिरक आणि कवडा गप्पीदास यांचंही असंच. दोन्ही नर काळे, दोन्हींच्या पंखावर पांढरं. शेपटीखाली बघा. चिरकाची ती जागा विटकरी तांबडी, गप्पीदासाची पांढरी.

---

मृण्मयी_पुणे | ६ जानेवारी, रात्री १०:५५

मंडळी, दोन रात्री बसून मेळघाटचे सगळे फोटो पुन्हा पाहिले. नाव आधी ठरवायचं नाही, नुसत्या जागा बघायच्या, असं ठरवून.

तिसऱ्या दिवशीच्या सकाळचे सहा फोटो मी ‘पिंगळा, अस्पष्ट’ या फोल्डरमध्ये टाकले होते. गाडी चालू असताना, खिडकीतून घेतलेले. पहिले चार निकामी आहेत. पाचव्यात पक्षी पाठमोरा. डोक्यावर ठिपके दिसत नाहीत. आधी वाटलं फोटो हलल्यामुळे पुसले गेले असतील. पण त्याच फोटोत पंखावरचे पांढरे पट्टे स्वच्छ दिसतात. पंखावरचं दिसतं तर डोक्यावरचंही दिसायला हवं ना?

सहाव्यात तो वळला आहे. छाती गडद, मधे खंड नाही. खाली पांढरं. फांदी आडवी येते, त्यामुळे पोटाची फक्त उजवी बाजू आणि थोडा मधला भाग दिसतो. बाजूला पट्टे आहेत, मधल्या भागात एकही खूण नाही. शेपटीचे पट्टे रुंद आहेत, टोक पांढरं आहे. पाय फांदीवर पांढऱ्या गोळ्यासारखे दिसताहेत.

मी काहीही नाव लिहिलेलं नाही. काका, तुम्ही बघाल का?

---

खानदेशी_वाट | ७ जानेवारी, सकाळी ६:३०

ताई, वाचता वाचता उठून उभा राहिलो.

पंखावरचं दिसतं तर डोक्यावरचंही दिसायला हवं, हा तुमचा विचार अगदी बरोबर. पाठमोऱ्या फोटोत मानेच्या मागे पांढरी कॉलर दिसते का, तेवढं पाहा. साध्या पिंगळ्याला ती ठळक असते. रानपिंगळ्याला पुसट असते, जवळजवळ नाहीच.

---

मृण्मयी_पुणे | ७ जानेवारी, सकाळी ७:१०

नाही दिसत. मान आणि पाठ एकाच रंगाची आहे.

---

खानदेशी_वाट | ७ जानेवारी, सकाळी ७:१८

मग माझ्या मते हा रानपिंगळा. डोकं, मान, छाती, पोट, शेपटी, पाय, सगळ्या जागा एकच सांगताहेत. तरी मी एकटा म्हणतो म्हणून पक्कं धरू नका. दोन्ही फोटो न कापता, मूळ आकारात, तारखेसह मला आणि तानसाकाठींना व्यक्तिगत निरोपातून पाठवा. ठिकाण धाग्यात लिहू नका.

---

तानसाकाठी | ७ जानेवारी, दुपारी १२:४०

फोटो मिळाले. पाचवा पाहिला, सहावा पाहिला. काकांशी सहमत.

ताई, पाचव्या फोटोत डाव्या कोपऱ्यात, त्याच झाडाच्या खालच्या फांदीवर बघा. पानांच्या आड एक छाती आहे. सलग तपकिरी.

---

मृण्मयी_पुणे | ७ जानेवारी, दुपारी १:०५

दोन आहेत!